निळा पडदा आणि फॉरमॅटचा उतारा

आपल्या होस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. गेम अडकला, फॉरमॅट मार. प्रिंटर ओळखेना, फॉरमॅट मार. आणि निळा पडदा, म्हणजे आपला ‘ब्लू स्क्रीन’ आला तर मग विचारायलाच नको! पण निळा पडदा जर पुन्हा पुन्हा येत असेल तर हे औषध नुसतं निरुपयोगी नाही, फसवं आहे. चार दिवस बरं वाटतं आणि मूळ दुखणं आत तसंच राहतं. असं का होतं, ते ओझरच्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मला नीट बघायला मिळालं, म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. (व्हायव्हाला उपयोगी पडेल!) विंडोजमध्ये आपले नेहमीचे प्रोग्राम ‘यूजर मोड’मध्ये चालतात. तिथे एखादा बिघडला तर विंडोज फक्त त्याला बंद करते, बाकीचं चालू राहतं. एखाद्या रूममध्ये धिंगाणा झाला तर रेक्टर त्या पोराला बाहेर काढतात, होस्टेल बंद करत नाहीत, तसंच. पण ड्रायव्हर आणि खुद्द विंडोजचा गाभा चालतो ‘कर्नल मोड’मध्ये. तिथे गडबड झाली म्हणजे रेक्टरच्या ऑफिसातच गोंधळ! मग कुणावर विश्वास ठेवायचा? अशा वेळी चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्यापेक्षा सगळं जागच्या जागी थांबवलेलं बरं, असं ठरवून विंडोज स्वतःच काम थांबवते. म्हणजे निळा पडदा हा आजार नाही, तो आजाराची खबर देतो. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून त्याचा रंग काळा झाला आहे, काम तेच.

आता आमची केस. माझी वहिनी घरी बसून दोन कृषी सेवा केंद्रांचे हिशेब लिहिते. आमच्या भागात ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की औषधांची उधारी सुरू होते आणि माल गेल्यावर ती फिटते. म्हणजे मधले चार-पाच महिने सगळा भरवसा त्या नोंदींवर. २०२४ च्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा कॉम्प्युटर आठवड्यातून तीन-चार वेळा निळा होत होता. (विंडोज १०, असेंबल केलेलं मशीन, ४ जीबीच्या दोन रॅम, त्यातली एक नंतर टाकलेली.) दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट करून दिला होता. दोन्ही वेळा आठवडाभर छान चालला. त्याच्या टेबलावर तर एकदाही पडदा आला नाही! त्यामुळे दोष वहिनीच्या वापरात आहे असं घरात ठरलं होतं.

शेजारी एचएएलमधून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “स्नॅग लिहून ठेवलेत का?” ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला, त्यामुळे कॉलनीत निम्म्या घरांत ही भाषा चालते. विमानात जाणवलेला प्रत्येक दोष रजिस्टरमध्ये लिहायचा, त्यावर काय केलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. काकांचं म्हणणं एवढंच, की नोंद नाही तर दुरुस्ती नाही, नुसता अंदाज.

मग एक शंभर पानी वही घेतली. पडदा वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होत होतं, म्हणून सिस्टिमच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाकली. वहीत तारीख, वेळ, त्या वेळी काय काय उघडं होतं आणि पडद्यावरचा स्टॉप कोड, एवढंच लिहायचं. वहिनी हिशेबाची माणूस, तिने नोंदी माझ्यापेक्षा चोख ठेवल्या.

आठवड्यात चार पडदे आले आणि चारांचे कोड तीन प्रकारचे! एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, दोनदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘मिनिडंप’ नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक पडद्याची फाइल साठते. मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’ या फुकट साधनाने त्या उघडल्या तर दर वेळी नाव वेगळ्याच फाइलचं.

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. कोड तोच आणि फाइलही तीच येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्यावा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले, ते आठवत असेल. तिथे पडद्यांवर नाव एकाच ड्रायव्हरचं येत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढली की मशीन सुरू. उलट, कोड वेगळे आणि फायलीही वेगळ्या असतील, तर इतके सगळे ड्रायव्हर एकदम बिघडले असं मानण्यापेक्षा सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती तपासावी. म्हणजे रॅम, पॉवर सप्लाय, तापमान.

वहीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी निघाली. चारही वेळा हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या एकदम उघड्या होत्या. रॅममध्ये थोडीशीच जागा खराब असेल, तर मेमरी जितकी जास्त भरते तितकी त्या जागेवर पाय पडण्याची शक्यता वाढते. आता फॉरमॅटचं गुपित कळलं ना? नव्या विंडोजवर फारसं काही टाकलेलं नसतं, मेमरी रिकामी राहते आणि आठवडाभर बरं वाटतं. टेबलावर नुसता डेस्कटॉप बघून मशीन ‘ओके’ ठरतं तेही याच कारणाने.

तपासणी करताना एका वेळी एकच बदल करायचा. आधी मशीन बंद करून वायर काढली, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, रॅमचे संपर्क पुसून पुन्हा बसवल्या. (खोडरबर हा आपला राष्ट्रीय उपाय आहेच, पण हलक्या हाताने!) मग पेन ड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. मग एकेक रॅम एकट्याने, त्याच स्लॉटमध्ये. जुनी स्वच्छ पास, नंतर टाकलेली नापास. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तरी नापास. म्हणजे स्लॉट निर्दोष, दोष रॅमचाच. विंडोजमध्येही ‘मेमरी डायग्नोस्टिक’ मिळतं, पण ते पास झालं म्हणून लगेच खात्री धरू नका, लांबची परीक्षा घ्याच.

रॅमचं बिल वहिनीने फाइलला लावून ठेवलं होतं, वॉरंटीत ती बदलून मिळाली. तोवर ४ जीबीवर मशीन रांगत चाललं, पण पडदा आला नाही.

यात घाबरण्यासारखी गोष्ट पडद्याची नव्हतीच. खराब रॅममध्ये एखादा बिट उलटतो तेव्हा दर वेळी पडदा येतोच असं नाही. तो बिट कर्नलच्या कामाचा असेल तर पडदा येतो. तो वहिनीच्या उधारीच्या आकड्यातला असेल तर काहीच दिसत नाही, आकडा गुपचूप बदलतो आणि तसाच सेव्ह होतो. बॅकअपसुद्धा त्याच मशीनवर घेतला तर कॉपी करताना बिघडू शकतो. म्हणून अशा वेळी डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला लावून बॅकअप घ्यावा. रॅम बदलल्यावर आम्ही ‘चेकडिस्क’ आणि ‘एसएफसी’ चालवून विंडोजच्या फायली तपासल्या. पण हिशेब बरोबर आहे की नाही हे कोणतीही कमांड सांगत नाही. त्यासाठी वहिनी आणि मी दोन दुपारी कागदी बिलं घेऊन बसलो. एका खात्यात फरक निघाला. तो रॅमचा की टायपिंगचा, हे आता सांगता येणार नाही. बिलावरचा आकडा खरा धरून नोंद दुरुस्त केली आणि वहिनीने वहीत तारखेसह लिहून खाली सही केली.