परदेशातील विद्यार्थी आणि त्याची खोली

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्या कॅनडातील एका विद्यापीठात आहे. मध्यंतरी त्याचे सविस्तर पत्र आले. प्राध्यापक, ग्रंथालय व परीक्षा यांविषयी त्यात जेमतेम आठ-दहा ओळी होत्या. बाकी सारे पत्र राहण्याच्या जागेविषयी. खोलीचे भाडे, सोबतच्या मुलाच्या सवयी, भोजनगृहातील बेचव अन्न, बर्फातून तुडवलेली वाट यांनीच पाने भरली होती. हा शिकावयास गेला आहे की राहावयास, असे प्रथम आमच्या मनात आले. पुढे सहज एक चरित्र पुन्हा चाळीत असता आमचे मत बदलले. कॅनडाच्या शेजारच्याच देशात, न्यूयॉर्क येथे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे ते चरित्र. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार झाला. १९१३ च्या जुलै महिन्यात हा २२ वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील निवर्तले होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते प्रथम उतरले. तेथील अर्धकच्चे, बहुधा गोमांसाचे जेवण त्यांना मानवेना. म्हणून आठवडाभरातच त्यांनी मुक्काम हलविला आणि अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्यासोबत ते राहू लागले. भोजनगृहाची तक्रार कॅनडातल्या आमच्या विद्यार्थ्यानेच प्रथम केली असे नव्हे तर!

त्यांच्या अभ्यासाचा आवाका पाहून मन थक्क होते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. एकाच विषयाला बांधून न घेता विद्यार्थ्याने निरनिराळ्या विभागांत जाऊन बसावे, ही मुभा तेथे होती आणि त्यांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढल्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह होऊ न देणे, हेच जातिसंस्थेचे मर्म होय, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. पोटाला चिमटा घेऊन ते जुने ग्रंथ विकत घेत. अशा ग्रंथांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

परंतु आमच्या मते त्या तीन वर्षांतील सर्वांत मोठा धडा कोणत्याही वर्गात शिकविला गेला नाही. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांची जात कोणी विचारली नाही. एका खोलीत दोघे राहत, एका मेजावर जेवत, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव परदेशच्या वास्तव्यात मनातून पार पुसली गेली होती, असे पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

ती जाणीव परत आली, तीही राहण्याच्या जागेवरूनच. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान अधिकारी, पण त्याला जागा देण्यास कोणी तयार होईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. काठ्या घेऊन आलेले पारशी होते, तसा न्यूयॉर्कच्या खोलीतील सोबतीही पारशीच होता. आणि १९२० मध्ये लंडनला परत जाताना त्याच भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. समाजाला सरसकट एकाच मापाने मोजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पुढे सार्वजनिक कार्यास लागल्यावर त्यांनी प्रारंभी जी कामे हाती घेतली, त्यांत वसतिगृहे होती, याचे आता नवल वाटत नाही. शाळेचे दार कायद्याने उघडता येते. पण खेड्यातून आलेल्या मुलाला गावात रात्री पाठ टेकण्यास जागा नसेल, तर उघड्या दाराचा उपयोग काय? १९२५ च्या जानेवारीत सोलापुरास त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले. १९२८ मध्ये स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेमार्फत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे या गावी माध्यमिक शाळेतील मुलांसाठी अशी सोय झाली. आणि पाचवे गाव होते आपले धारवाड. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबईकडे होता, त्यामुळे हे काम इथवर पोहोचले.

कॅनडाच्या पत्राला आम्ही उत्तर धाडले आहे. त्यात धारवाडच्या या वसतिगृहाची हकीकत लिहिली आणि खोलीविषयी आणखी सविस्तर लिही, असे कळविले. त्याचे शिक्षण याच जुळ्या शहरात झाले, तरी ही गोष्ट त्याने ऐकली नसावी. आम्ही त्याला वर्गात कधी सांगितलीच नव्हती.