उताराच्या परसाला दगडी बांध

प्रश्न : रत्नागिरीजवळ घरामागचा उतार दर पावसाळ्यात ढासळतो. सिमेंटमध्ये बांधलेला चिऱ्याचा बांध फुगला आहे. काय करावे?

उत्तर : असा बांध फुगतो तो बहुधा मागे तुंबलेल्या पाण्याने. कमरेइतक्या उंचीला सिमेंट नकोच. काळ्या दगडाचा कोरडा गडगा रचा, पाणी फटींतून निघून जाईल. १ मीटर उंचीला पायथा किमान अर्धा मीटर रुंद हवा, तोही घट्ट मुरमावर. दर्शनी बाजू डोंगराकडे किंचित कललेली. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, अधूनमधून लांब दगड आडवा आत घुसवा. मागे फूटभर खडी भरा. तिथे लाल माती नको, गवंडी काहीही म्हणो! १.२ मीटरच्या वर जायचे असेल, तर आधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा.