मंडळीचें दार



प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १२ हा आपण पुष्कळदां वाचला असेल. याकोबाचा वध झाला होता, पेत्र तुरुंगांत होता, आणि मरीयेच्या घरीं मंडळी प्रार्थनेस जमली होती. ती निर्भय होती काय? पेत्र सुटून दाराशीं आला तेव्हां कोणास तें खरेंहि वाटेना! तरी ते भ्यालेले लोक रात्रीं एकत्र होते. धैर्याचा आरंभ येथेंच होतो.

असेंच दार अर्वाचीन काळींहि ठोठावलें गेलें. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत ल शांबों नांवाचें गांव आहे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट. त्यांच्या पूर्वजांनीं धर्मासाठीं छळ सोसला होता. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सनें जर्मनीशीं पराभवाचा तह केला. दुसऱ्याच दिवशीं, रविवारीं, पाळक आंद्रे त्रॉक्मे व एदुआर तेस यांनीं मंडळीस बोध केला कीं, सुवार्तेविरुद्ध आज्ञा झाल्यास आत्मिक शस्त्रांनीं तिचा प्रतिकार करावा.

त्या हिंवाळ्यांत एक यहूदी स्त्री पाळकांच्या दारीं आली. पाळकांच्या पत्नी माग्दा यांनीं तिला आंत घेतलें. मागून पुष्कळ आले. एका घरास तो भार झेपला नसता. म्हणून शेतकऱ्यांनीं, वसतिगृहांनीं व या पाळकांनीं १९३८ सालीं स्थापिलेल्या शाळेनें तो वांटून घेतला. कोणी अन्न दिलें, कोणी स्वित्झर्लंडची वाट दाखविली, आणि सर्वांनीं मौन पाळलें.

याची किंमत द्यावी लागली. १९४३ च्या फेब्रुवारींत त्रॉक्मे यांना अटक झाली. गांवकरी भेटी घेऊन निरोपास धांवले. ते पुढें सुटले. परंतु त्यांचे आप्त दानिएल त्रॉक्मे हे आपल्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसह पकडले गेले व १९४४ सालीं मायदानेकच्या छावणींत मरण पावले. १९९० सालीं इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनें एका व्यक्तीचा नव्हे, तर साऱ्या गांवाचा गौरव केला.

तेव्हां शांति म्हणजे संकटाचा अभाव नव्हे. देव सोडीत नाहीं आणि बंधुजनहि सोडीत नाहींत, ही खात्री म्हणजे शांति.

पालकहो, घरांतील भीति मुलांपासून लपवूं नका. ती सायंप्रार्थनेंत एकत्र देवापुढें मांडा. आणि मुलांनो, वर्गांत कोणी एकटा, भ्यालेला बसला असेल, तर उद्यां त्याच्या शेजारीं जाऊन बसा. मंडळीचें दार असेंच उघडतें.