कार्डचोर सापडतो कसा, आणि शिक्षा काय होते?



गटाचे कर्ज, अनुदान, मजुरी असे सगळे पैसे आता खात्यात येतात. खात्याबरोबर कार्डही आले. पण कितीतरी जणींचा पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहिलेला असतो, आणि पैसे काढायला शेजारचा मुलगा जातो. "पैसे गेले ते गेले, चोर कुठं सापडतोय?" असे बैठकीत नेहमी ऐकू येते. हे खरे नाही. चोर सापडतो, फक्त आपण वेळेत बोललो पाहिजे.

आपल्या राज्यातले मोठे प्रकरण

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर दरोडा पडला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोर घुसले. मग बनावट कार्डे वापरून देशात आणि परदेशात एकाच वेळी पैसे काढले गेले. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे निघाले.

यंत्रणेत घुसणारे लांब कुठेतरी बसलेले होते. पण नोटा हातात घ्यायला माणूस एटीएमपर्यंत यावाच लागतो, आणि तिथे कॅमेरा असतो. त्या चित्रीकरणाच्या आधारे पुणे पोलिसांनी एकेकाला शोधून काढले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. नऊ जणांना चार वर्षे आणि दोघांना तीन वर्षे कैद झाली.

चोर मागे काय सोडतो?

प्रत्येक व्यवहाराची नोंद बँकेत राहते: कोणते यंत्र, किती वाजता, किती रक्कम. एटीएमचा कॅमेरा चेहरा टिपतो. ऑनलाइन खरेदी केली असेल तर माल पोचवायचा पत्ता आणि मोबाईल नंबर मिळतो. पैसे दुसऱ्या खात्यात वळवले तर त्या खातेदाराचा आधार, पॅन आणि फोटो बँकेकडे असतो. पोलीस एकेक धागा धरून पुढे जातात. मात्र चित्रीकरण कायम साठवलेले राहत नाही, आणि पैसेही या खात्यातून त्या खात्यात भराभर फिरतात. म्हणून उशीर चोराच्या फायद्याचा.

कायदा काय म्हणतो?

- दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे: माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६-सी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.
- मोबाईल किंवा संगणकावरून खोटी ओळख सांगून फसवणे: त्याच कायद्याचे कलम ६६-डी. शिक्षा तेवढीच.
- फसवून पैसे काढून घेणे: भारतीय न्याय संहिता, कलम ३१८. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
- चोरीचा पैसा आहे हे माहीत असून तो घेणे: कलम ३१७. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

शेवटचे कलम नीट लक्षात ठेवा. "ताई, तुमचं खातं थोडे दिवस वापरू द्या, दोन हजार देतो," असे कोणी म्हणाले तर साफ नाही म्हणा. पोलीस पहिल्यांदा त्या खात्याच्या मालकिणीच्या दारात येतात. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात, आणि तोवर खाते गोठलेले असते.

आपले पैसे गेले तर

१. बँकेला फोन करून कार्ड लगेच बंद करा. नंबर पासबुकावरून घ्या. गुगलवर शोधू नका, तिथे चोरांचेही नंबर असतात.

२. १९३० ला फोन करा. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे पुढच्या खात्यात अडकले असतील तर ते तिथेच थांबवता येतात.

३. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपल्या अंगावर येतात. कळवल्यानंतर गेले तर बँकेच्या. म्हणून लाजून, घरी रागावतील म्हणून गप्प बसू नका. फसवणारा गुन्हेगार आहे, फसलेली बाई नाही.

या बैठकीत करायचे

- प्रत्येकीने बँकेचा नंबर आणि १९३० बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.
- पाकिटावर लिहिलेला पिन खोडावा, आणि तो कोणाला माहीत असेल तर बदलावा.
- एटीएमवर अनोळखी माणसाची मदत घेऊ नये. हातात परत आलेले कार्ड आपलेच आहे का, हे नाव वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर कार्डावर आपली खूण करावी.
- ज्या सखीला मेसेज वाचता येत नाही, तिच्यासाठी गटातली एक भरवशाची सखी ठरवावी. ती मेसेज वाचून दाखवेल, पिन मात्र विचारणार नाही.