पाचटाला काडी लावण्याआधी



नवी युक्ती शिकलेल्यालाच सुचते, असा एक समज आहे. आम्हांस तो पटत नाही. रोजच्या कामाला "हे असेच का?" असे विचारले, की डोके चालू लागते. पाचटाचेच बघा.

पहिला प्रश्न : आपण काडी का लावतो? सरीत पाणी अडते आणि पाचटाखाली फुटवा दबतो, म्हणून. अडचणी खऱ्याच आहेत. पण दोष पाचटाचा नाही, त्याच्या जागेचा आहे.

दुसरा प्रश्न : जाळताना काय जाते? एकरी ३ ते ४ टन पाचट, म्हणजे रानातच होणारे सेंद्रिय खत.

तिसरा प्रश्न : जागा बदलली तर? बुडख्यांवरचे पाचट ओढून एकाआड एक सरीत दाबा. बुडखे जमिनीलगत छाटा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. पहिले पाणी सगळ्या सऱ्यांना द्या, पुढे मोकळ्या सरीने. तण कमी येते, ओल टिकते. उन्हाळ्यात पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो.

धीर होत नसेल तर ५ गुंठ्यांवर करा. शेजारच्या ५ गुंठ्यांशी पाणी, खुरपणी नि वजन ताडून वहीत लिहा.

अडचण नेमकी कशाची, वाया काय जाते, दुसरे काय करता येईल? हेच तीन प्रश्न गोठ्यात नि घरखर्चातही विचारा. उत्तर सापडले, की गट ऑफिसात जरूर सांगा.