माजी सैनिक, त्यांचे कुटुंब आणि गाव : सिकंदराबादच्या नोंदवहीपासून गावच्या चावडीपर्यंत

सैन्यात भरती झालेल्या तरुणाला निरोप देण्यासाठी सारा गाव वेशीपर्यंत येतो. पंधरा-वीस वर्षांनी तोच जवान सेवा संपवून परततो, तेव्हा मात्र त्याची विचारपूस करणारे थोडेच असतात. सैन्यातील साधा जवान बहुधा पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो. इतर नोकरदारांच्या संसाराला ज्या वयात बळकटी येते, त्या वयात त्याला नव्याने आरंभ करावा लागतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि शेती दुसऱ्याच्या हाती असते. अशा वेळी त्याला व त्याच्या कुटुंबाला आधार देणारी शासकीय व स्वयंसेवी यंत्रणा कोणती, ती कसे कार्य करते आणि गावाने तिला कसा हातभार लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दख्खनचा जुना संबंध

हैदराबादलगतचे सिकंदराबाद हे लष्करी ठाणे म्हणून वाढलेले शहर आहे. तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून १८०६ साली त्याला हे नाव मिळाले. मराठी मुलुखाचा या छावणीशी असलेला संबंध जुना आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची व्यवस्था म्हणून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. या फौजेतील पलटणींपैकी एकीचे नावच पुढे 'बेरार इन्फन्ट्री' असे होते. त्या पलटणींतून घडलेली हैदराबाद रेजिमेंट १९४५ पासून कुमाऊँ रेजिमेंट म्हणून ओळखली जाते.

आज सिकंदराबाद येथे विद्युत् व यांत्रिकी अभियंता दलाचे म्हणजे ईएमईचे, तसेच आयुध दलाचे केंद्र आहे, तर हैदराबादेत गोवळकोंड्याजवळ तोफखान्याचे केंद्र आहे. महाराष्ट्रातील अनेक जवान या केंद्रांतून शिक्षण घेऊन बाहेर पडले आहेत.

नोंद कोठे असते ?

प्रत्येक जवानाच्या सेवेची संपूर्ण नोंद त्याच्या दलाच्या अभिलेख कार्यालयात ठेवली जाते. ईएमई व आयुध दल यांची अभिलेख कार्यालये सिकंदराबादेस आहेत. तोफखान्याचे कार्यालय नाशिक रोड येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावास, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तर बॉम्बे सॅपर्सचे खडकीस आहे. जवानाचे गाव बीड जिल्ह्यात असो वा सांगली जिल्ह्यात, त्याचे लग्न, मुलांचे जन्म आणि वारस यांच्या नोंदी या दूरच्या कार्यालयातील कागदांवरच ठरतात.

या नोंदीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ईएमईमधून निवृत्त झालेल्या एका जवानाचे गावी निधन झाले. त्याच्या पत्नीचे नाव निवृत्तिवेतन आदेशात माहेरच्या नावाने लागले आहे, आधारपत्रावर सासरचे नाव आहे आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी आहे. ती त्याची विधवा आहे याबद्दल गावात कोणालाही शंका नाही. परंतु कागदावरील दोन नावे एकाच स्त्रीची आहेत, हे सिद्ध होईपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन अडून राहते आणि त्या काळात घर उसनवारीवर चालते. ही दुरुस्ती पतीच्या हयातीत अल्प कष्टात होऊ शकते. मागाहून तीच गोष्ट प्रतिज्ञापत्रे, दाखले व पत्रव्यवहार यांची साखळी बनते.

शासकीय यंत्रणा

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली सैनिकांच्या हितासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. तेच आज केंद्रीय सैनिक बोर्ड या नावाने ओळखले जाते. त्याखाली राज्य व जिल्हा अशी रचना आहे. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यास असून जिल्ह्यांच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तेलंगणातही याच धर्तीवर व्यवस्था आहे. हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी माजी सैनिकाने आपली नोंद तेथील जिल्हा कार्यालयात करून घेणे इष्ट होय.

जिल्हा कार्यालय माजी सैनिकास व सैनिक विधवेस ओळखपत्र देते, अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करते आणि मुलांच्या शिक्षणासाठी व आपत्प्रसंगी मिळणाऱ्या साहाय्याचे अर्ज पुढे पाठविते. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहेही चालविली जातात. १९४९ पासून ७ डिसेंबर रोजी ध्वजदिन पाळला जातो. त्या निमित्ताने जमणारा निधी याच कार्यासाठी वापरला जातो.

वैद्यकीय उपचारांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना म्हणजे ईसीएचएस सुरू आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेखाली व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमातील पात्र मुलींना दरमहा ३,००० व मुलांना २,५०० रुपये देण्याची तरतूद २०१९ साली करण्यात आली.

माजी सैनिकांच्या संघटना

शासनाचे हात सर्वत्र पोहोचत नाहीत. तेथे माजी सैनिकांच्या स्वतःच्या संघटना उपयोगी पडतात. १९२१ साली केप टाउन येथे साम्राज्यातील माजी सैनिकांच्या संस्थांचा एक संघ स्थापन झाला. त्याच साली इंग्लंडमध्ये ब्रिटिश लीजन ही संस्था उभी राहिली. भारतात जनरल करिअप्पा यांनी १९६४ मध्ये माजी सैनिकांचा अखिल भारतीय संघ उभा केला. जवानांच्या पत्नी व विधवा यांच्यासाठी १९६६ पासून लष्करी पत्नी कल्याण संघटना कार्य करीत आहे.

या संघटनांचे खरे मोल लहान कामांत दिसते. ज्याने स्वतः अर्ज भरला आहे, तो दुसऱ्याचा अर्ज भरून देतो. ज्याला अभिलेख कार्यालयाची भाषा कळते, तो ती विधवेला समजावून सांगतो. नुकत्याच निवृत्त झालेल्या जवानास नोकरीची वार्ताही बहुधा जुन्या सहकाऱ्याकडूनच कळते.

जायबंदी जवानाचे पुनर्वसन

याबाबत श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण बोलके आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा तरुण ईएमईमध्ये जवान झाला आणि सिकंदराबादेस मुष्टियोद्धा म्हणून पुढे आला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून तो जायबंदी झाला. उपचारांच्या काळात त्याने पोहण्याचा सराव सुरू केला. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. पुढे पुण्यास टेल्कोमध्ये त्यांनी नोकरी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. जिद्द त्यांची स्वतःची होती, परंतु उपचार, सराव आणि नोकरी या तीन गोष्टी इतरांनी उपलब्ध करून दिल्या म्हणून त्या जिद्दीला वाट मिळाली. खडकी येथील क्वीन मेरी तांत्रिक संस्था १९१७ पासून आणि पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून हेच कार्य करीत आहेत.

गाव आणि सैनिक

मदतीचा ओघ एकाच दिशेने वाहतो असे नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाने आपली सैनिकी परंपरा आजवर टिकविली आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत, सैन्यातून १९७५ साली परतलेल्या श्री. अण्णा हजारे यांनी मंदिराच्या दुरुस्तीपासून आरंभ करून पाणलोट क्षेत्राची कामे श्रमदानाने उभी केली. शिस्त, श्रम व हिशेब यांची सवय घेऊन आलेला माणूस गावाला किती उपयोगी पडतो, हे त्यावरून दिसते.

२०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती होणाऱ्या तरुणांपैकी बहुसंख्य चार वर्षांनी परततील आणि त्यांना निवृत्तिवेतन असणार नाही. त्यामुळे गावाची जबाबदारी यापुढे वाढणार आहे.

काय करता येईल ?

१. प्रत्येक माजी सैनिकाने निवृत्तिवेतन आदेश, सेवामुक्ती पुस्तिका, आधारपत्र व बँक पुस्तिका यांतील पत्नीचे नाव व जन्मतारीख एकदा ताडून पाहावी. तफावत आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयास कळवावे.

२. ही कागदपत्रे कोठे ठेवली आहेत हे पत्नीस व मोठ्या मुलास ठाऊक असावे. हयातीचा दाखला दरवर्षी न चुकता सादर करावा.

३. ग्रामसेवकांनी गावातील माजी सैनिक, सैनिक विधवा व वीरमाता यांची यादी ठेवावी आणि विवाह, जन्म व मृत्यू यांचे दाखले विनाविलंब द्यावेत.

४. शिक्षकांनी सैनिकांच्या मुलांना शिष्यवृत्तीची व वसतिगृहाची माहिती द्यावी. शाळेत दाखल करताना मुलाचे व आईचे नाव लष्करी नोंदीप्रमाणेच लिहिले जाते की नाही, हे पाहावे.

सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवरील सैनिक स्मारकास मोठ्या समारंभात पुष्पचक्रे अर्पण केली जातात, ते योग्यच आहे. परंतु दूरच्या खेड्यातील विधवेच्या हाती तिचे निवृत्तिवेतन वेळेवर पडावे, यासाठी लिहिलेला एक अचूक दाखला हाही त्या जवानाचा सन्मानच होय. तो देणे प्रत्येक गावाला शक्य आहे.