शक्ती आणि साठा : विजेच्या पेटीवरचा स्वयंपाक

प्रस्तावना



मिक्सर, विजेची किटली, राइस कुकर ही उपकरणे आता अनेक घरांत नित्याची झाली आहेत. वीज गेली की ती सारी एकाच क्षणी निरुपयोगी होतात. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनामुळे लोकांना तासन्तास विजेविना काढावी लागली. ३ मे २०१९ रोजी ओडिशात पुरीजवळ आलेले ‘फनी’ आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ या चक्रीवादळांनंतर कित्येक गावांत वीज परत येण्यास अनेक दिवस लागले. अशा प्रसंगी उपयोगी पडावी म्हणून उचलून नेता येणारी विजेची पेटी बाजारात आली आहे. दुकानदार तिला ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात. या पाठात आपण तिला ‘विजेची पेटी’ असेच म्हणू.

उद्दिष्टे

या माहितीपर लेखाच्या अभ्यासानंतर आपण ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ या शब्दांतील भेद सांगू शकाल. उपकरणावरील पट्टी वाचून ते पेटीवर चालेल की नाही याचा अंदाज बांधू शकाल. आणि खरेदीपूर्वी विक्रेत्यास नेमके प्रश्न विचारू शकाल.

मूळ पाठ

विजेच्या पेटीत मुख्यतः दोन वस्तू असतात : वीज साठवणारी लिथियम बॅटरी आणि त्या विजेचे घरातल्यासारख्या २३० व्होल्टच्या विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्व्हर्टर आपल्या परिचयाचा आहेच. वीज गेल्यावर अनेक घरांत पंखा आणि दिवे त्याच्यावरच चालतात. मात्र पंखा चालवणे आणि चहाचे पाणी उकळणे ही दोन कामे विजेच्या दृष्टीने फार निराळी आहेत, आणि ग्राहकाची फसगत नेमकी येथेच होते.

पेटीवर दोन आकडे छापलेले असतात. एक वॅटमध्ये, दुसरा वॅट-तासांत. घरातील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीत एकूण पाणी किती आहे, हा एक प्रश्न. तोटीतून एका मिनिटात किती पाणी पडू शकते, हा दुसरा. टाकी मोठी आणि तोटी बारीक असू शकते. वॅट-तास हा टाकीतला साठा होय. वॅट हा तोटीचा जोर होय. पहिल्याला शास्त्राच्या भाषेत ऊर्जा म्हणतात, दुसऱ्याला शक्ती. वीजबिलातील एक ‘युनिट’ म्हणजे १००० वॅट-तास. ‘वॅट’ हे नाव वाफेच्या यंत्रात मोलाची सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅट याच्या सन्मानार्थ १८८२ साली सुचवले गेले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे ७५० वॅटचा मिक्सर लावून आपण चटणीसाठी जवळजवळ एक घोडाच जुंपतो!

आता एक लिटर पाणी उकळू. २५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ८७ वॅट-तास ऊर्जा लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे. कोणत्याही कंपनीच्या किटलीला त्यातून सूट नाही. किटलीच्या भिंतींतून थोडी उष्णता निसटते, म्हणून १०० धरू. इन्व्हर्टर स्वतःही काही ऊर्जा खातो. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेपैकी दहा ते पंधरा टक्के वाटेतच खर्च होते. तेव्हा बॅटरीतून सुमारे ११५ वॅट-तास जातात. पाचशे वॅट-तासांची पेटी चार लिटर पाण्यातच जवळजवळ रिकामी होते.

मात्र बहुधा तेवढेही घडत नाही. बाजारातील साधी किटली १५०० वॅटची असते आणि पाचशे वॅट-तासांच्या अनेक पेट्यांची तोटी पाचशे वॅटच्या आसपासची असते. किटली लावताच पेटी स्वतःला बंद करून घेते. पेटी बिघडली असे समजून ग्राहक दुकानात जातो. वस्तुतः तिने स्वतःचे रक्षण केलेले असते. याच पेटीवर ४०० वॅटची लहान किटली चालेल. १५०० वॅटच्या किटलीत चार मिनिटांत उकळणारे पाणी तिच्यात पंधरा-सोळा मिनिटे घेईल. वेळ वाढतो, साठ्यातून जाणारी ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते, उलट पाणी अधिक वेळ तापत राहिल्याने किंचित जास्तच जाते.

मिक्सरची गोष्ट वेगळी. ५०० वॅटचा मिक्सर तीन मिनिटे चालवला तर २५ वॅट-तास खर्च होतात. मात्र मोटार सुरू होताना क्षणभर तिच्यावर लिहिलेल्या आकड्याहून बरीच अधिक शक्ती ओढते. म्हणून काठावरची पेटी उपयोगाची नाही. तोटीला मोकळीक हवी. टोस्टर तापवणारा असूनही पेटीला फारसा जड जात नाही, कारण ७५० वॅटने तीन मिनिटे म्हणजे अवघे ३७ ते ३८ वॅट-तास होतात. अर्थात तोटी तेवढी रुंद असली पाहिजे. ७०० वॅटचा राइस कुकर मात्र पंचवीस मिनिटे सलग चालला की २९० वॅट-तास घेऊन जातो. मायक्रोवेव्हवरील ‘८०० वॅट’ हा आकडा बहुतेक वेळा अन्नास मिळणाऱ्या शक्तीचा असतो. भट्टी स्वतः बाराशे वॅटच्या आसपास ओढते. मागील बाजूची पट्टी वाचल्याशिवाय हे कळत नाही.

खिळ्यांवरूनही थोडे समजते. आपल्याकडे लहान प्लग सहा अँपिअरचा आणि जाड खिळ्यांचा सोळा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १३८० वॅट. उपकरणाला जाड खिळ्यांचा प्लग असेल तर ते अधिक शक्ती मागणारे आहे, हे त्याने न बोलता सांगितलेले असते. जोडणी बदलणारा लहान प्लग विकत आणून ही सूचना डावलू नये.

हा सारा हिशेब खऱ्या व्यवहारात कसा उतरतो ते पाहू. समजा, एक ताई आठवडे बाजारात चहा आणि इडली-चटणीची गाडी लावतात. तेथे वीज नाही. बचत गटाकडून कर्ज काढून विजेची पेटी घ्यावी आणि गॅसचा त्रास कायमचा संपवावा, असे त्यांच्या मनात आहे. प्रत्येकी १०० मिलिलिटरचे ४० कप चहा करायचे म्हणजे चार लिटर. उकळण्यासाठीच ४६० वॅट-तास गेले. चहा मुरवणे आणि इडल्या वाफवणे अजून बाकीच आहे. याउलट दिवसातून तीनदा चटणी वाटायची तर इन्व्हर्टरचा वाटा धरून ८५ ते ९० वॅट-तास पुरतात. नऊ वॅटचा दिवा तीन तास लावला तर २७. भ्रमणध्वनीला त्याहून कमी. चहा गॅसवर ठेवला तर तीनशे वॅट-तासांचा साठाही त्यांना पुरेल. पण थांबा! तीनशे वॅट-तासांच्या पेटीची तोटीही बहुधा तीनशे वॅटचीच असते, आणि तिच्यावर मिक्सर फिरणारच नाही. म्हणजे साठा पुरेसा, शक्ती अपुरी. त्यांना पेटी घ्यायचीच असेल तर साठा लहान चालेल, तोटी मात्र सातशे-आठशे वॅटची हवी. हे न विचारता कर्ज काढले, तर हप्ता दर महिन्याला जाईल आणि चटणी पाट्यावरच वाटावी लागेल.

गॅसशी तुलना केली की पेटीची मर्यादा स्पष्ट होते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातील ऊर्जा सुमारे १८० युनिट भरते. शेगडीवर त्यातील एकतृतीयांश वाया गेली तरी १२० युनिट भांड्याला मिळतात. हजार वॅट-तासांची पेटी म्हणजे अवघे एक युनिट. तिच्यावर रोजचा स्वयंपाक करू असे सांगणाऱ्या जाहिरातीला हा एकच आकडा पुरेसा आहे.

तरीही संकटकाळी ही पेटी मोलाची ठरते. लहान बाळासाठी अर्धा लिटर पाणी उकळणे, भिजवलेली डाळ वाटणे, दिवा, भ्रमणध्वनी ही कामे ती दोन-तीन दिवस निभावून नेते. सोबत शंभर वॅटचे सौर पॅनेल असेल तर निरभ्र दिवशी चार-पाचशे वॅट-तास परत मिळू शकतात. वादळानंतरच्या ढगाळ आकाशाखाली मात्र ही आशा बरीच आवरावी लागते. वादळाची सूचना मिळताच, घरात वीज असतानाच पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवणे हा याहून स्वस्त उपाय आहे. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली तयार केलेले निर्वात भिंतींचे हे भांडे, माझ्या मते, उष्णता साठवण्याच्या कामी कोणत्याही बॅटरीहून सरस आहे. भाताचे पातेले उकळी येताच उतरवून जाड कापडात गुंडाळून ठेवण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर चालते.

काही दक्षता आवश्यक आहेत. पेटी घराच्या वायरिंगला भिंतीच्या सॉकेटमधून उलटी कधीही जोडू नये. तसे केल्यास तुमच्या घरातील वीज बाहेरच्या तारांत शिरू शकते आणि खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो. पेटी ओट्यावर, पाण्याजवळ किंवा शेगडीच्या धगीत ठेवू नये. काम झाले की इन्व्हर्टरचे बटन बंद करावे. काहीही जोडलेले नसताना तो रात्रभर साठा पीत राहतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी काही हजार वेळा भरता येते, अन्य अनेक लिथियम बॅटऱ्या काही शे वेळाच. तेव्हा प्रकार विचारून घ्यावा. विमानाने गावी जाणाऱ्यांनी पेटी सोबत नेण्याचा विचार करू नये. विमान कंपनीच्या परवानगीनेसुद्धा १६० वॅट-तासांपर्यंतचीच सुटी बॅटरी नेता येते.

भाषाभ्यास

‘आजारपणामुळे अंगात शक्ती उरली नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा साठा संपल्याचे सांगत असतो. शास्त्रीय मराठीत त्यासाठी ‘ऊर्जा’ हा शब्द योजावा लागेल. ‘हजार क्षमतेची पेटी’ या शब्दप्रयोगातही हाच घोळ आहे. क्षमता कशाची, साठ्याची की जोराची? ‘वॅट’ आणि ‘वॅट-तास’ यांत लिहिताना एका छोट्या शब्दाचा फरक आहे. पावतीवर तो शब्द आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

शब्दार्थ : भारनियमन – मागणी जास्त असल्याने ठरवून केलेली वीजकपात, निर्वात – हवा काढून घेतलेला, दक्षता – काळजी, वस्तुतः – खरे पाहता.

पाठगत प्रश्न

१. किटली लावताच पेटी बंद का पडते, ते दोन वाक्यांत लिहा.

२. पाठातील ताईंना साठा पुरत असूनही तीनशे वॅटची पेटी का उपयोगी नाही?

३. ६०० वॅटचा मिक्सर पाच मिनिटे चालवल्यास किती वॅट-तास खर्च होतील? इन्व्हर्टरमध्ये जाणारी ऊर्जा सोडून हिशेब करा.

४. आपल्या किंवा शेजारच्या घरातील तीन उपकरणांच्या पट्ट्या वाचा. त्यांवरील वॅट आणि रोजच्या वापराची मिनिटे वहीत नोंदवा, आणि वीज गेल्यावर त्यांपैकी कोणते उपकरण आधी बाजूला ठेवाल ते कारणासह लिहा.